रेशियल जस्टिस संडे आणि आमच्या चर्चमधला शेवटून दुसरा बाक (नवी मुंबई)

पारसिक_पायथा (धागाकर्ता) · सोम, रात्री १०.४२

इथे ख्रिस्ती सभासद मोजकेच आहेत हे माहीत आहे, तरी मुद्दाम इथेच लिहितोय. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलं काही टाकलं की दोन मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि विषय तिच्याखाली गाडला जातो.

मी मूळचा नगरचा, आता पारसिक डोंगराच्या नवी मुंबईकडच्या अंगाला राहतो. आमचं चर्च प्रॉटेस्टंट. नाव आणि नोड (नवी मुंबईतला विभाग) सांगत नाही. सकाळी साडेआठला इंग्रजी उपासना, साडेदहाला हिंदी आणि मराठी दुपारी साडेबाराला, पोटात कावळे ओरडायला लागल्यावर. इंग्रजीला मल्याळी, तमिळ, काही मिझो-नागा मुलं आणि अलीकडे काही नायजेरियन कुटुंबं. कुणी कपड्यांच्या व्यापारात, कुणी शिकायला, कुणी इथल्या हॉस्पिटलात उपचारांसाठी आलेले.

झालं असं, की इंग्लंडमधल्या एका मंडळीशी आमचा जुना संबंध आहे. तिथून पाळकसाहेबांना एक पीडीएफ आली. तिकडे १९९५ पासून वर्षातला एक रविवार 'रेशियल जस्टिस संडे' म्हणून पाळतात. १९९३ मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा बसस्टॉपवर खून झाला होता, त्यानंतरच्या अस्वस्थतेतून ते सुरू झालं. तुम्हीही पाळा, अशी विनंती.

पंचकमिटीत यावर एकमत व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हा गोऱ्यांचा प्रश्न आहे, पाप त्यांनी केलं, प्रायश्चित्त त्यांनी घ्यावं, आपण तर भोगलेले लोक. सगळ्यांच्या माना डोलल्या. मग चहा. पुढचा विषय: एका नायजेरियन जोडप्याला बाळाच्या बाप्तिस्म्यानंतर जेवणासाठी हॉल हवा होता. अर्ज रीतसर, भाडं द्यायला तयार. खजिनदार म्हणाले, "शेजारच्या सोसायट्या ओरडतील, पोलीस येतील, उगाच कशाला झंझट." अर्ज 'विचाराधीन'. त्याच हॉलमध्ये नुकतंच एक लग्न रात्री अकरापर्यंत डीजेसकट झालं होतं, तेव्हा सोसायट्या आठवल्या नव्हत्या.

आणि बाकांचं. कुणी कुणाला मागे बसा म्हणत नाही. ती कुटुंबं येतात, शेवटून दुसऱ्या बाकावर बसतात, आणि त्यांच्या पुढचा बाक रिकामा राहतो. दर रविवारी.

वसाहतवाद धुऊन काढायचा कार्यक्रमसुद्धा आपल्याकडे लंडनहून पीडीएफने यावा, ही एक गंमत. पण ती पीडीएफ बाजूला सारताना आपण जे बोललो ते शंभर टक्के देशी होतं. माझा इतिहास कच्चा आहे. जाणकारांनी लिहा.

टंकाळा · सोम, रात्री ११.०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चरईची_मारी · मंगळ, सकाळी ७.५०

मी कॅथलिक, ठाण्याची, ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मातीतले जुने कॅथलिक). तुमच्या पंचांचं 'भोगलेले लोक' खोटं नाही, म्हणून आधी ते मांडते.

ख्रिस्ती धर्म ठाण्यात पोर्तुगीजांबरोबर आला असं बहुतेकांना वाटतं. १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी, इथे तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती मारले गेले. ते उतरले होते इथल्याच पूर्वेकडच्या परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबांत. म्हणजे बंदूक आणि किल्ला नसतानाही खाडीकाठी ख्रिस्ती घरं होती.

बंदूक नंतर आली आणि ती कागद घेऊन आली. १४५२ आणि १४५५ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला फर्मानं दिली: ख्रिस्ती नसलेल्यांचे मुलूख जिंका, त्यांना कायमचं गुलाम करा. याच फर्मानांतून पुढे 'पाद्रोआदो' उभा राहिला, म्हणजे आशियातली चर्चं राजाच्या हाताखाली, बिशप कोण ते राजा ठरवणार. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि साष्टी, ठाणे सगळं त्या व्यवस्थेत ओढलं गेलं. इथल्या माणसाने गुडघे टेकावेत, पण वेदीमागे उभं राहू नये, असा एकंदर कारभार. गोव्याच्या मातेउस द कास्त्रोला तिथल्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. तो पायपीट करत रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप. परत आला तर पोर्तुगीजांनी त्याला बिशप म्हणून मानायलाच नकार दिला.

मुंबईला पहिला भारतीय आर्चबिशप कधी मिळाला? १९५०. व्हॅलेरियन ग्रेशस. त्यांच्या आधीचे थॉमस रॉबर्ट्स इंग्रज जेझुइट (त्या नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री) होते. या जागेवर भारतीय माणूस हवा असं त्यांचं मत, म्हणून १९४६ मध्ये ग्रेशस सहायक बिशप झाल्यावर ते मुंबईतून निघूनच गेले आणि १९५० मध्ये रीतसर पायउतार झाले. मिशनच्या इतिहासात खुर्ची सोडणारे फार थोडे, म्हणून हे नाव लक्षात ठेवण्यासारखं.

ती जुनी फर्मानं आणि त्यांवर उभा राहिलेला 'शोधाचा सिद्धान्त' (ख्रिस्ती राजाने 'शोधलेला' मुलूख त्याचाच, असा दावा) व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ ला जाहीरपणे नाकारला. तीन दिवसांनी झावळ्यांचा रविवार होता. मी मिस्साला (आमच्या उपासनेला) कान देऊन बसले होते. त्यावर एक अक्षर नाही. कॅनडातल्या आदिवासींच्या रेट्यामुळे रोमला बोलावं लागलं, आणि ज्या किनाऱ्यावर ती फर्मानं राबवली गेली तिथे कुणाला खबर नाही.

आता आमचं. आमच्याकडे सून बघून आले की अजून म्हणतात, "गोरी आहे हं, पोर्तुगीज रक्त असणार." हे कौतुक असतं. फर्मान रद्द झालं तरी हे कुणी रद्द करायचं?

खवट_म्हातारा · मंगळ, सकाळी ९.१५

लांबलचक प्रतिसादाबद्दल मारीताईंचे आभार, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. मिशन हीच वसाहतवादी गोष्ट. ती बंद केली की काम झालं, हाकानाका. बाकी बाक पुढे की मागे हा तुमचा घरचा मामला. वसईच्या घंटा चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये देवळांना वाटल्या, तेवढं डिकॉलनायझेशन मला पुरतं. (हलके घ्या, पण अर्धंच.)

ग्रंथचाळक · मंगळ, दुपारी १.३०

काका, तुमचा मुद्दा तुमच्या आधी मराठी ख्रिस्ती माणसांनी मिशनऱ्यांच्या तोंडावर मांडलाय, आणि जास्त तिखट शब्दांत.

पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईंनी सरळ विचारलं, माझं मी ठरवायचं नाही तर कुणी? मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, ती कुणाला विकून मी ख्रिस्ती झालेले नाही, असा त्यांच्या पत्रांचा सूर. त्यांना घडवायला निघालेल्या सिस्टरबाईंना त्यात गर्व दिसला. ख्रिस्त स्वीकारीन, तुमची चर्चव्यवस्था आणि तुमचे रीतिरिवाज त्याच ताटात वाढू नका, हे त्या १८८५ च्या सुमारास बोलत होत्या. नंतर केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. भजन, कीर्तन, अभंग उपासनेत आणले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, जिथे बाप्तिस्मा न घेतलेलाही चालेल. मिशनरी साहेबांना हे पचलं नाही. आजही मराठी उपासनेत टिळकांची गीतं आहेत, म्हणजे गीतं ठेवली आणि पगाराचा मुद्दा सोडून दिला. धागाकर्त्यांच्या मंडळीत टिळक गायले जातात का? साडेबाराला जात असतील. साडेआठला इंग्रजी हिम्स.

'गोऱ्यांचा प्रश्न' म्हणणाऱ्यांसाठी नगरशी जोडलेला एक धागा. एसपीजी नावाची इंग्लिश मिशन संस्था, स्थापना १७०१. तिला १७१० मध्ये मृत्युपत्रातून बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टनचे उसाचे मळे मिळाले, गुलामांसकट. त्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने संस्थेचं नाव डागत असत. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी उठली तेव्हा भरपाई मालकांना मिळाली, म्हणजे संस्थेलाही. पुढे याच संस्थेने नगर भागात शाळा-चर्चं चालवली. २०२३ मध्ये संस्थेच्या आजच्या वारसांनी बार्बाडोसमधल्या कामासाठी ७० लाख पौंडांचा संकल्प जाहीर केला. त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडच्या मालमत्ता मंडळाने १० कोटी पौंडांच्या निधीची घोषणा केली, कारण त्यांच्या जुन्या एका फंडाचे पैसे गुलामांच्या व्यापारातल्या साउथ सी कंपनीत गुंतलेले निघाले. २०२४ मध्ये त्यांच्याच देखरेख गटाने सांगितलं, एवढ्याने भागणार नाही, रक्कम १०० कोटींच्या घरात न्या.

आणि आता माझ्या आवडीचं. नाशिकला शरणपूर रोडवरून सगळेच गेले असतील. ते शरणपूर १८५४ मध्ये सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या इंग्लिश मिशनने वसवलं आणि तिथे अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या मोहिमेत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन मेला, तेव्हा दफनाची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव कोरलं, बाकीच्यांबरोबर प्रेत किनाऱ्यापर्यंत आणलं आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा दिला. नाशकातले कितीतरी आफ्रिकन ख्रिस्ती पुढे १८७५ पासून मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनला गेले. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. तेव्हा महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये काळा माणूस हा काही कालपरवाचा पाहुणा नाही. तुमच्या शेवटून दुसऱ्या बाकावर बसलेल्यांचे पूर्वज नव्हेत, पण त्यांच्या खंडातले लोक टिळकांच्या आधीपासून इथल्या ख्रिस्ती मंडळींत आहेत.

चरईची_मारी · मंगळ, दुपारी २.०२

शरणपूरचं ठाऊक नव्हतं! वाचनखूण साठवली.

आगरी_बाणा · मंगळ, रात्री ८.४०

चर्चमधलं आपल्याला काय कळत नाय. पण नायजेरियन आणि भाडं हा विषय निघाला म्हणून. माझ्या गावठाणात दोन खोल्या भाड्याने. परदेशी भाडेकरू ठेवला की ऑनलाइन त्याच्या माहितीचा फॉर्म भरा, पोलीस स्टेशनला खेपा घाला, वर कुठे ड्रग्जची धाड पडली की टीव्हीवाले आपल्याच गल्लीत कॅमेरा घेऊन. दोन पोरं होती माझ्याकडे, भाडं एक तारखेला हातात, रविवारी पांढरे कपडे घालून चर्चला. शेजारच्या टॉवरवाल्यांनी मिटिंग घेतली आणि सह्यांचा कागद आणला. टॉवरवाले! जे स्वतः आमच्या गावात पाहुणे. त्या कागदावर सगळ्या जातीधर्मांच्या सह्या होत्या. एकी बघून भरून आलं.

आता तुमच्या इंग्लंडवाल्यांनी पैसे कुठून आले ते शोधलं ना? मग तुम्ही प्लॉट कुठून आला ते शोधा. सिडको आली १९७० ला, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्याचं, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे प्लॉट परत द्यायचं, पुढे आलं. त्याच जमिनीत देवळं, मशिदी, चर्चं, सगळ्यांना प्लॉट निघाले. आमच्या माणसाला विचारलं कुणी? मी चर्चला एकट्याला धरत नाय, देवळाचीबी तीच कथा. पण तुम्ही वसाहतीचा हिशोब काढायला बसलात म्हणून सांगितलं. मिठागरात राबलेल्या म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत आमच्याकडे.

पारसिक_पायथा · मंगळ, रात्री ९.३०

दादा, हे कुठल्याही पीडीएफमध्ये नव्हतं. आमच्या चर्चच्या पायाभरणीच्या दगडावर बिशपांचं नाव आहे, देणगीदारांची नावं आहेत. गावाचं नाव नाही. रविवारी जाऊन पुन्हा बघतो.

खवट_म्हातारा · मंगळ, रात्री ९.४८

आगरीदादांना +१. सह्यांचा कागद आमच्याही सोसायटीत फिरला होता. मी सही केली नव्हती, पण ती तत्त्वासाठी नव्हे. सेक्रेटरीशी वाकडं आहे म्हणून.

झेंडू_नगरचा · बुध, सकाळी ६.२०

सगळे पोर्तुगीज, इंग्रज आणि नायजेरियन यांच्यावर बोलताहेत. मी घरातलं बोलतो. धागाकर्ते नगरचे आहेत, त्यांना कळेल.

आमच्याकडे १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, बहुतेक महार आणि मांग. प्रभूभोजनाचा प्याला एक झाला, पण माझ्या आजोबांच्या काळात आमच्या गावात दोन्ही वाड्यांतले ख्रिस्ती एका पंगतीत जेवत नव्हते. शहरात ब्राह्मण-मराठा ख्रिस्ती वेगळे, ते सोयरीक आमच्याकडे करत नाहीत. मिशनऱ्याने हे आणलं नाही. त्याने फक्त चालू दिलं, कारण तसं सोयीचं होतं. म्हणून 'वसाहतवाद काढा' म्हटलं की मला धास्ती वाटते. तो थर खरवडला की खाली निर्मळ भारतीय चर्च निघेल असं कुणाला वाटत असेल, तर तिथे जात बसलेली आहे. धर्मशास्त्राचे अभ्यासक अरविंद निर्मळांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या व्यासपीठावरून हेच काढलं होतं. भारतीय धर्मशास्त्र म्हणून जे मिरवतं ते संस्कृत ग्रंथांशी बोलतं, चर्चमध्ये बहुसंख्येने असलेल्या दलितांच्या दुःखाशी बोलत नाही. मराठी माणूस, आणि दलित धर्मशास्त्राचं नाव निघालं की जगभर पहिलं नाव त्यांचं घेतात. नवी मुंबईत किती मंडळींत माहीत आहे?

सरकार म्हणतं, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जात म्हणजे हिंदू. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती झाला की जात संपली. चर्च कोर्टात म्हणतं, संपत नाही, सवलती द्या. आणि रविवारी व्यासपीठावरून म्हणतं, आमच्यात जात नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मधल्या धोरणात निदान लेखी कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते. पहिला दलित कार्डिनल (पोपच्या खालोखालचं पद) व्हायला २०२२ उजाडलं, हैदराबादचे अँथनी पूला. मारीताईंच्या १९५० नंतर आणखी ७२ वर्षं.

२००१ मध्ये डरबनला संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद झाली, तिथे दलित संघटना म्हणत होत्या जातीचा प्रश्नही इथे मांडा, आणि भारत सरकार म्हणत होतं जात म्हणजे वंश नव्हे. बरोबर आहे, नव्हे. पण पुढचा बाक रिकामा ठेवायची कला आपण नायजेरियन येण्याआधीच शिकलेलो होतो.

संपादक मंडळ · बुध, सकाळी ११.००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतर या विषयावर जुने धागे आहेत, तिथे जावे. आफ्रिकन नागरिकांबद्दल त्यांतला अपशब्द पुन्हा वापरल्यास खाते गोठवले जाईल.

टंकाळा · बुध, दुपारी १२.१०

पॉपकॉर्न संपले. झेंडूदादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक बाळबोध शंका: मग नायजेरियन लोक स्वतः काय म्हणतात? तीन दिवस आपण त्यांच्याबद्दल मराठीत बोलतोय.

पारसिक_पायथा · बुध, रात्री १०.१५

टंकाळा, रास्त प्रश्न. आज संध्याकाळी अर्जवाल्या गृहस्थांशी बोललो. हॉलबद्दल ते फार काही बोलले नाहीत, मित्राच्या गच्चीवर जेवण ठरलंय. मी रेशियल जस्टिसच्या पीडीएफविषयी सांगितलं तर हसले. म्हणाले, "आमच्याकडे सॅम्युएल क्राउदरची गोष्ट प्रत्येक पोराला ठाऊक असते." मग घरी येऊन वाचलं. योरूबा मुलगा, गुलाम म्हणून विकलेला, १८२२ मध्ये जहाजावरून सुटला, शिकला, बायबलच्या योरूबा अनुवादात राबला आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. म्हातारपणी त्याच्या हाताखालची माणसं तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी एकेक करून काढली, आणि १८९१ मध्ये तो वारल्यावर त्याच्या जागी गोरा बिशप आला. मारीताईंच्या कास्त्रोची हकिगत आणि ही शेजारी ठेवून बघा.

ते गृहस्थ त्यांच्या गावाकडच्या चर्चमध्ये वडील (एल्डर, मंडळीचे पुढारी) आहेत. प्रवचन देतात. आमच्याकडे त्यांना कधी शास्त्रपाठ वाचायलाही उभं केलेलं नाही. "तुम्ही लोक छान गाता" हे मात्र सगळे सांगतात त्यांना.

मी पंचकमिटीला पत्र दिलंय. पीडीएफ पाळा किंवा नका पाळू, माझ्या मागण्या वेगळ्या आहेत. हॉलच्या अर्जाचा निकाल एकाच नियमाने, आणि नकार असेल तर कारण लेखी. शास्त्रपाठ आणि दान गोळा करायच्या यादीत सगळ्या कुटुंबांची नावं. कमिटीवर मिझो आणि आफ्रिकन मंडळींतून निदान एकेक माणूस. मराठी उपासना महिन्यातून एकदा साडेआठला. शेवटच्या मागणीने सर्वांत जास्त खळबळ माजलीय, मल्याळी अंकलनी बोलणं सोडलंय. झेंडू, जातीचं मी पत्रात घातलेलं नाही. ते एका परिच्छेदात उरकायचं नाही, आणि घातलं असतं तर बाकीचं कुणी वाचलंच नसतं. पटेल न पटेल.

झेंडू_नगरचा · बुध, रात्री १०.३१

नाही पटलं. ते नेहमी पुढच्या पत्रात असतं. पण पत्र दिलंत हे बरं.

ग्रंथचाळक · बुध, रात्री १०.४०

येत्या रविवारी मी शरणपूरच्या नोंदींतून थोडं सांगायला येऊ शकतो, मराठी उपासनेनंतर. कुणाची हरकत नसेल तर.

पारसिक_पायथा · बुध, रात्री १०.४४

जरूर या. पाळकसाहेबांना विचारलंय, वर्गखोली देतो म्हणाले, हॉल नाही. दीड वाजता. इंग्रजीतही थोडं बोलाल का, साडेआठवाले काही जण थांबणार आहेत. ठाण्याकडून येणाऱ्यांनी ट्रान्सहार्बर लोकलचा मेगाब्लॉक बघून निघा.

आगरी_बाणा · बुध, रात्री १०.५२

येतो. पायाचा दगडपण बघायचाय.

खवट_म्हातारा · बुध, रात्री ११.२०

अख्रिस्ती वृद्धांना प्रवेश आहे का? आणि जेवणाचं काय, दीडची वेळ म्हणजे जेवूनच यायचं ना?